पीओ देल रिओ-ओर्तेगा

पीओ देल रिओ-ओर्तेगा (५ मे, १८८२ – १ जून, १९४५) हे स्पॅनिश ऊतिवैज्ञानिक आणि चेतासंस्थेतील विकृतींचे अभ्यासक होते. मेंदू व मेरुरज्जू यांमध्ये वास्तव्य करणाऱ्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशींचे पहिले पद्धतशीर वर्णन त्यांनी १९१९ मध्ये केले. चेतातंतूंभोवती मायलिनचे वेष्टन निर्माण करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोग्लिया या पेशींची स्वतंत्र ओळखही त्यांनीच १९२१ मध्ये पटवून दिली. मेरुरज्जूला दुखापत झाल्यानंतर शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चेतापेशींना वाचवते की त्यांची अधिक हानी करते, या आजही पूर्णपणे न सुटलेल्या प्रश्नाचा अभ्यास त्यांच्या या निरीक्षणांच्या पायावर उभा आहे. ज्या शोधामुळे त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले, त्याच शोधाच्या काळात त्यांना आपल्या गुरूंची प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे यादवी युद्धामुळे मायदेशही सोडावा लागला.

जन्म व शिक्षण

रिओ-ओर्तेगा यांचा जन्म स्पेनमधील वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या गावी झाला. वायादोलिद विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १९०५ मध्ये पदवी संपादन केली. तेथील ऊतिविज्ञानाचे प्राध्यापक लेओपोल्दो लोपेस गार्सिया यांच्यामुळे त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. पदवीनंतर काही काळ त्यांनी आपल्या जन्मगावीच वैद्यकीय व्यवसाय केला. परंतु रुग्णसेवेपेक्षा संशोधनाकडे त्यांचा ओढा अधिक असल्याने ते त्या व्यवसायात रमले नाहीत. मेंदूतील अर्बुदांच्या विकृतिविज्ञानावर प्रबंध लिहून त्यांनी माद्रिद येथून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्यांनी पॅरिस व बर्लिन येथील प्रयोगशाळांत काम केले. मात्र १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्यांना स्पेनला परतावे लागले.

रिओ-ओर्तेगा यांचा चित्रकलेचा हात उत्तम होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींची चित्रे ते स्वतः काढीत. त्यांच्या शोधनिबंधांतील ही चित्रे इतकी नेमकी होती की आजही चेताविज्ञानाच्या ग्रंथांत ती पुनर्मुद्रित केली जातात.

आचुकारो यांच्या सहवासात

त्या काळी माद्रिद हे चेतासंस्थेच्या अभ्यासाचे जागतिक केंद्र बनले होते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी मेंदू हा सलग जाळ्याचा बनलेला नसून स्वतंत्र चेतापेशींचा बनलेला आहे, हे दाखवून दिले होते. त्यासाठी इटलीचे कामिलो गॉल्जी यांच्यासमवेत त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. काहाल यांच्या छत्राखाली निकोलास आचुकारो यांची प्रयोगशाळा काम करीत असे. आचुकारो यांनी म्युनिक येथे आलॉइस अल्झायमर यांच्यासोबत आणि पुढे वॉशिंग्टन येथे काम केले होते. चेतापेशींच्या आधाराला असणाऱ्या ग्लिया पेशी हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. रिओ-ओर्तेगा त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि हाच विषय त्यांनी पुढे आयुष्यभर जोपासला.

आचुकारो यांनी टॅनिन व चांदीचे क्षार वापरून ऊती रंगविण्याची एक पद्धत शोधली होती. रिओ-ओर्तेगा यांनी तिच्यात सुधारणा करून तिचे अनेक प्रकार विकसित केले. परंतु आचुकारो यांचा सहवास त्यांना फार काळ लाभला नाही. दीर्घ आजारानंतर एप्रिल १९१८ मध्ये आचुकारो यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात प्रयोगशाळेची जबाबदारी रिओ-ओर्तेगा यांच्याकडे आली.

तिसऱ्या घटकाचा प्रश्न

चेतासंस्थेतील पेशींचे वर्गीकरण करताना काहाल यांनी चेतापेशींना पहिला घटक व ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशींना, म्हणजे ॲस्ट्रोसाइटना, दुसरा घटक मानले होते. ॲस्ट्रोसाइट स्पष्ट दिसाव्यात यासाठी त्यांनी १९१३ मध्ये सोन्याच्या क्षारावर आधारलेली रंजनपद्धती तयार केली. या पद्धतीने काही लहान, गोलसर पेशींचे केंद्रक दिसत, पण त्यांना फांद्या असल्याचे आढळत नसे. या पेशींना काहाल यांनी तिसरा घटक असे नाव दिले. या पेशींना खरोखरच फांद्या नाहीत, की उपलब्ध रंगांनी त्या दिसत नाहीत, हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता.

रिओ-ओर्तेगा यांनी १९१८ मध्ये अमोनियायुक्त रजत कार्बोनेटची रंजनपद्धती प्रसिद्ध केली आणि हा प्रश्न सुटण्याचा मार्ग खुला झाला. या पद्धतीत ऊतीचे पातळ काप रजत कार्बोनेटच्या द्रावणात ठेवले जातात. नंतर फॉर्मॅलिनच्या साहाय्याने चांदी पेशींवर काळ्या कणांच्या रूपाने साचविली जाते. ऊती कशात टिकवून ठेवली, द्रावण किती तीव्र आहे आणि काप त्यात किती वेळ ठेवला, यांत बदल केला की वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी ठळकपणे दिसू लागतात. या पद्धतीने तिसऱ्या घटकातील पेशी पाहिल्या असता त्यांना फांद्या असल्याचे दिसून आले. इतकेच नव्हे, तर तिसरा घटक हा एकच घटक नसून त्यात दोन निरनिराळ्या प्रकारच्या पेशी एकत्र गणल्या गेल्या आहेत, हेही लक्षात आले.

मायक्रोग्लियाचे वर्णन

रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये तिसऱ्या घटकाविषयीच्या निबंधांची मालिका प्रसिद्ध केली व त्यात मायक्रोग्लिया हे नाव रूढ केले. या पेशींविषयी त्यांनी मांडलेले प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

मायक्रोग्लिया पेशी चेतापेशींच्या कुळातील नसतात. गर्भाच्या विकासात त्या मध्यस्तरापासून उत्पन्न होतात आणि बाहेरून मेंदूत प्रवेश करतात. प्रवेशाच्या वेळी त्या अमीबासारख्या, आकार बदलत सरकणाऱ्या असतात. रक्तवाहिन्या व श्वेतद्रव्यातील तंतू यांच्या आधाराने त्या मेंदूभर पसरतात. नंतर त्या स्थिरावतात, त्यांना बारीक फांद्या फुटतात आणि प्रत्येक पेशी आपापल्या लहानशा क्षेत्रात राहते.

जखम किंवा रोग झाला, की या पेशींचे रूप पालटते. फांद्या आखूड व जाड होतात, पेशी गोलसर बनते, तिची संख्यावाढ होते आणि ती इजा झालेल्या जागेकडे सरकते. तेथे ती मृत पेशींचे अवशेष गिळून टाकते. रिओ-ओर्तेगा यांनी प्राण्यांच्या मेंदूला सूक्ष्म जखमा करून व ठरावीक काळाने ऊती तपासून हे बदल टप्प्याटप्प्याने नोंदवले. शरीराच्या इतर भागांत भक्षकपेशी जे काम करतात, ते मेंदूत मायक्रोग्लिया करतात, हा त्यांच्या निष्कर्षांचा गाभा होता.

हा निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता. मृत कापांच्या निरीक्षणावरून त्यांनी जिवंत पेशींच्या हालचालींचे अनुमान केले होते. त्यांच्या बहुतेक विधानांची सत्यता पुढील शतकात नव्या साधनांनी पटली. जिवंत उंदराच्या मेंदूतील मायक्रोग्लियाचे निरीक्षण २००५ मध्ये विशेष सूक्ष्मदर्शकाने करण्यात आले. त्यात या पेशींच्या फांद्या सतत हलत असतात व सूक्ष्म इजा होताच काही मिनिटांतच तिकडे वळतात, असे दिसले. मायक्रोग्लियाचा उगम गर्भावस्थेतील पीतक कोशातील आद्य भक्षकपेशींपासून होतो, हे २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनातून सिद्ध झाले.

काहाल यांच्याशी दुरावा

तिसऱ्या घटकाविषयीचे हे निष्कर्ष काहाल यांच्या मूळ मांडणीला छेद देणारे होते. काहाल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पेशींच्या शोधाचे अग्रस्थान स्कॉटलंडचे विल्यम फोर्ड रॉबर्टसन यांना दिले. रॉबर्टसन यांनी काही वर्षांपूर्वी मेसोग्लिया नावाच्या पेशींचा उल्लेख केला होता. मात्र रॉबर्टसन यांना दिसलेल्या पेशी बहुधा ऑलिगोडेंड्रोग्लिया होत्या, मायक्रोग्लिया नव्हत्या, हे पुढे स्पष्ट झाले.

वैज्ञानिक मतभेदाला प्रयोगशाळेतील वैयक्तिक कुरबुरींची जोड मिळाली. काहाल यांच्या विश्वासातील परिचराशी रिओ-ओर्तेगा यांचे पटत नव्हते. एकमेकांविषयीची बोलणी काहाल यांच्या कानावर जात राहिली. अखेर १९२० च्या शरद ऋतूत काहाल यांनी रिओ-ओर्तेगा यांना प्रयोगशाळा सोडण्यास कळवले. काहाल तेव्हा वृद्धत्वाकडे झुकलेले, जगन्मान्य शास्त्रज्ञ होते. रिओ-ओर्तेगा अडतीस वर्षांचे होते व त्यांचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन अर्धवट अवस्थेत होते. पुढील काळात दोघांमधील कटुता काहीशी निवळली. या प्रसंगाविषयी रिओ-ओर्तेगा यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १९८६ मध्ये, पुस्तकरूपाने प्रकाशित झाल्या. त्यात गुरूंविषयीचा आदर व दुखावलेपणा या दोन्ही भावना आढळतात.

विद्यार्थी निवासातील प्रयोगशाळा

प्रयोगशाळा गेली तरी काहाल यांच्याच अध्यक्षतेखालील अध्ययनविस्तार मंडळाने रिओ-ओर्तेगा यांना माद्रिदमधील रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस या प्रसिद्ध विद्यार्थी निवासात प्रयोगशाळेसाठी जागा दिली. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का व चित्रकार साल्वादोर दाली हे त्याच काळात तेथे राहत असत.

याच प्रयोगशाळेतील कामातून १९२१ मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लियाचे वर्णन प्रसिद्ध झाले. मोजक्या फांद्या असलेल्या या पेशी तिसऱ्या घटकाचा दुसरा हिस्सा होत्या. त्या चेतातंतूंच्या कडेने रांगेने वसतात आणि मायलिन वेष्टनाशी त्यांचा संबंध आहे, असे रिओ-ओर्तेगा यांनी प्रतिपादिले. परिघीय चेतांमध्ये श्वान पेशी जे काम करतात, तेच काम मेंदू व मेरुरज्जू यांत या पेशी करतात, हे त्यांचे अनुमान कालांतराने खरे ठरले. परंतु त्यांची रंजनपद्धती कौशल्याची व लहरी असल्याने इतर प्रयोगशाळांना ती सहज साधेना. त्यामुळे ऑलिगोडेंड्रोग्लियाच्या अस्तित्वाविषयी अनेकांनी शंका घेतली.

ही शंका दूर करण्यात वाइल्डर पेनफील्ड यांचा वाटा मोठा आहे. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या व्रणांचा अभ्यास करू इच्छिणारे हे तरुण शल्यविशारद १९२४ मध्ये माद्रिदला आले आणि काही महिने रिओ-ओर्तेगा यांच्या हाताखाली शिकले. त्याच वर्षी पेनफील्ड यांनी ऑलिगोडेंड्रोग्लियाविषयी निबंध प्रसिद्ध करून गुरूंच्या निष्कर्षांना पुष्टी दिली. मेंदूच्या जखमेवर ग्लिया व मायक्रोग्लिया यांची कोणती प्रतिक्रिया होते व व्रण कसा बनतो, यावरील दोघांचा संयुक्त निबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पेनफील्ड यांनी कॅनडातील मॉंट्रियल येथे चेताविज्ञान संस्था स्थापन केली. त्यांनी संपादित केलेल्या व १९३२ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात मायक्रोग्लियावरील प्रकरण रिओ-ओर्तेगा यांनी लिहिले. त्यामुळे त्यांचे कार्य इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले.

कर्करोग संशोधन व नोबेल नामनिर्देशन

मेंदूतील अर्बुदांचे वर्गीकरण हा रिओ-ओर्तेगा यांच्या कार्याचा दुसरा महत्त्वाचा भाग होय. अर्बुद ज्या पेशीपासून उद्भवले, त्या पेशीच्या ओळखीवरून त्याचे वर्गीकरण करावे, असा त्यांचा आग्रह होता. माद्रिदमधील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांनी संशोधन विभागाची धुरा सांभाळली व १९३१ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक शास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी १९२९ व १९३७ या वर्षी त्यांचे नामनिर्देशन झाले. परंतु पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

परागंदा जीवन व मृत्यू

स्पेनमध्ये जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि माद्रिद युद्धभूमी बनले. रिओ-ओर्तेगा प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते. माद्रिदहून ते प्रथम वालेन्सियाला व तेथून पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये मेंदूचे शल्यविशारद क्लोव्हिस व्हँसाँ यांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. त्यानंतर ह्यू केर्न्स यांच्या निमंत्रणावरून ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दुसऱ्या महायुद्धाचे सावट युरोपभर पसरल्यावर १९४० मध्ये ते अर्जेंटिनातील बुएनोस आइरेस येथे गेले. निकोलास गोमेस देल मोराल हे त्यांचे दीर्घकाळचे सहचर होते.

अर्जेंटिनात स्पॅनिश सांस्कृतिक संस्थेच्या साहाय्याने त्यांनी पुन्हा एकदा नव्याने प्रयोगशाळा उभारली, ऊतिविज्ञानाचे नियतकालिक सुरू केले व मोइसेस पोलाक यांच्यासारखे शिष्य घडवले. चेतागुच्छिकांमधील आधारपेशींचा अभ्यास त्यांनी याच काळात केला. कर्करोगाच्या संशोधनात आयुष्याचा मोठा काळ घालवणाऱ्या रिओ-ओर्तेगा यांना स्वतःलाच कर्करोगाने ग्रासले. १ जून, १९४५ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बुएनोस आइरेस येथे त्यांचे निधन झाले. मायदेशी परतण्याचा योग त्यांना जिवंतपणी आला नाही. स्पेनमध्ये लोकशाही प्रस्थापित झाल्यानंतर, १९८६ मध्ये, त्यांचे अवशेष वायादोलिद येथे आणून शहरातील मान्यवरांच्या समाधिस्थानी ठेवण्यात आले. वायादोलिदमधील विद्यापीठ रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मेरुरज्जूच्या दुखापतीवरील संशोधनाशी संबंध

मेरुरज्जूला मार लागल्यावर हानी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात आघातानेच काही चेतापेशी व तंतू तुटतात. ही हानी भरून काढता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात, पुढील काही तासांत व दिवसांत, जखमेच्या भोवतालच्या मूळच्या धडधाकट पेशीही मरू लागतात. रक्तपुरवठा खंडित होणे, मृत पेशींतून घातक द्रव्ये पाझरणे आणि दाह निर्माण होणे, ही त्याची कारणे आहेत. ऑलिगोडेंड्रोग्लिया मेल्याने वाचलेल्या तंतूंचेही मायलिन नष्ट होते व त्यांतून संदेश नीट जात नाहीत. उपचारांना वाव असतो तो या दुसऱ्या टप्प्यातच. रुग्णाचा हात हलेल की नाही, मूत्राशयावर ताबा राहील की नाही, हे अनेकदा वाचलेल्या थोड्याशा तंतूंवर अवलंबून असते.

या टप्प्यात मायक्रोग्लिया सर्वप्रथम जागृत होतात. त्यापाठोपाठ रक्तातून इतर भक्षकपेशी जखमेत येतात. दीर्घकाळ असे मानले जाई, की मेंदू व मेरुरज्जू रोगप्रतिकारक यंत्रणेपासून अलिप्त आहेत आणि तेथे तिचा शिरकाव घातकच असतो. या समजुतीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमधील वाइझमान संस्थेतील मिकाल श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी आव्हान दिले. परिघीय चेतेला इजा झाल्यास भक्षकपेशी मायलिनचे अवशेष लवकर साफ करतात, मेरुरज्जूत मात्र हे काम रेंगाळते. म्हणून त्यांनी भक्षकपेशी परिघीय चेतेच्या तुकड्यांच्या सान्निध्यात ठेवून नंतर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या तुटलेल्या मेरुरज्जूत सोडल्या. त्या प्राण्यांच्या हालचालीत अंशतः सुधारणा झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मायलिनमधील प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी इजा झालेल्या दृष्टिचेतेतील चेतापेशींचा बचाव करू शकतात, असे १९९९ मध्ये याच गटाने दाखवले. एरवी ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात असे मानले जाते, त्यांचे हे रक्षक रूप अनपेक्षित होते.

तथापि चित्र एकतर्फी नव्हते. रक्तातून येणाऱ्या भक्षकपेशींची संख्या घटवली असता प्राण्यांत सुधारणा होते, असेही १९९९ मधील दुसऱ्या एका प्रयोगात आढळले. भक्षकपेशींच्या उपचाराची मानवी चाचणी करण्यात आली. परंतु २०१२ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या निष्कर्षांत या उपचाराचा लाभ सिद्ध झाला नाही. याउलट, मेरुरज्जूच्या इजेपूर्वीच उंदरांतील मायक्रोग्लिया नष्ट केल्यास जखमेची हानी वाढते व हालचाल परतण्यास अडथळा येतो, असे २०१९ मध्ये दिसून आले. नवजात उंदरांमध्ये मायक्रोग्लियाच्या साहाय्याने मेरुरज्जूची जखम व्रण न राहता भरून येऊ शकते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

या सर्व संशोधनातून असे दिसते, की रोगप्रतिकारक पेशी चेतापेशींच्या मित्र की शत्रू, असा सरळ प्रश्न विचारून भागत नाही. कोणती पेशी, इजेनंतर किती काळाने आणि कोणत्या अवस्थेत तेथे आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. म्हणूनच प्रतिकारक यंत्रणा सरसकट दडपणे किंवा सरसकट चेतवणे, या दोन्ही मार्गांनी समाधानकारक उपचार हाती आलेला नाही.

कार्याचे महत्त्व

रिओ-ओर्तेगा यांच्यापूर्वी चेतापेशींच्या भोवतालच्या पेशी हा केवळ भराव समजला जात असे. त्या भरावात स्थिर राहून पहारा देणारी, वेळ येताच रूप पालटणारी आणि जखमेकडे जाणारी एक स्वतंत्र पेशी आहे, हे त्यांनी चांदीच्या रंगाने व स्वतःच्या चित्रांनी दाखवले. मायक्रोग्लियाच्या एकाच पेशीची विश्रांत व जागृत अशी निरनिराळी रूपे त्यांनी नोंदवली. अवस्थेनुसार कार्य बदलते, हे आजच्या संशोधनाचे सूत्र या नोंदींतच बीजरूपाने आढळते. काहाल यांच्या चेतापेशी, ॲस्ट्रोसाइट आणि रिओ-ओर्तेगा यांच्या मायक्रोग्लिया व ऑलिगोडेंड्रोग्लिया या सर्वांचा मिळून चेतासंस्थेचा जो नकाशा तयार झाला, तो आजच्या पाठ्यपुस्तकांत कायम आहे. प्रयोगशाळेत ज्या गुरुशिष्यांचे जमले नाही, त्यांचे कार्य विज्ञानात मात्र एकमेकांस पूरक ठरले.